विभागप्रमुखांकडून त्रास होतोय आणि कंत्राट संपत आलंय. तक्रार करून उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही विद्यापीठात कंत्राटी सहायक प्राध्यापक आहात, विभागप्रमुख रात्री उशिरा फोन करतात, कपड्यांवरून बोलतात, आणि कंत्राटाचा विषय निघाला की ‘ते तुमच्याच हातात आहे’ म्हणतात. सहकारी गप्प बसायला सांगताहेत. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी अंतर्गत तक्रार समिती करते; एका विद्यापीठाच्या अशा समितीची मी तीन वर्षं अध्यक्ष होते. माझं उत्तर आहे, तक्रार करा. पण अर्ज नीट विचार करून लिहा.

‘मी कायम नाही, मला कायदा लागू होणार नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. ते खरं नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कंत्राटी, तात्पुरत्या, रोजंदारीवरच्या, प्रशिक्षणार्थी अशा सगळ्या महिला येतात. विद्यापीठांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियमही आहेत. त्यांत विद्यार्थी येतात, आणि छळ पुरुषांचा किंवा तृतीयपंथीयांचाही होतो हे मान्य केलेलं आहे.

तक्रारीची मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. आमच्याकडे एक संशोधक मुलगी पाचव्या महिन्यात आली होती. प्रबंध त्याच माणसाच्या सहीसाठी अडकला होता, म्हणून तिने तोवर तोंड उघडलं नव्हतं. आम्ही मुदत वाढवली. तरी तुम्ही थांबू नका.

आज रात्रीच एक वही घ्या. तारीख, वेळ, जागा, आजूबाजूला कोण होतं, आणि ते नेमकं काय बोलले, त्यांच्याच शब्दांत. ‘अश्लील बोलले’ एवढंच लिहिलं तर समितीच्या हाती काहीच लागत नाही. किळस आली तरी मेसेज पुसू नका. कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट काढा आणि स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवून ठेवा, विद्यापीठाच्या नको. त्या वेळी ज्या मैत्रिणीला किंवा बहिणीला हे सांगितलं असेल, तिचं नाव साक्षीदार म्हणून देता येतं.

आता अर्जातला तो भाग, जो बहुतेक जणी लिहीतच नाहीत. चौकशीला 90 दिवस मिळतात. त्या 90 दिवसांत तुमची रजा, तासांचं वेळापत्रक, कामाचा अहवाल, कंत्राट वाढवण्याची शिफारस, या सगळ्यावर सही कुणाची? त्यांचीच. विद्यापीठात छळणाऱ्याचं बळ या सहीत असतं. म्हणून त्याच अर्जात अंतरिम उपाय मागा: चौकशी संपेपर्यंत त्यांनी माझ्या कामाचं मूल्यमापन करू नये, माझी फाइल दुसऱ्या अधिकाऱ्यामार्फत जावी, गरज पडली तर दोघांपैकी एकाची दुसऱ्या विभागात बदली व्हावी. तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. हे लेखी मागावं लागतं.

हे मी इतकं ठासून का सांगते? माझ्या पहिल्या वर्षी एका बाईंनी ते मागितलं नाही, आणि आम्हीही त्यांना सुचवलं नाही. चौकशी चालू असतानाच त्या गृहस्थांनी त्यांचा वार्षिक अहवाल लिहिला. निकाल बाईंच्या बाजूने लागला, पण तो अहवाल फाइलमध्ये राहिला. ती चूक आमची होती आणि मला ती आजही टोचते. त्यानंतर अर्ज हातात घेण्याआधी मी प्रत्येकीला एक प्रश्न विचारायचे: तुमच्या कागदांवर सही कुणाची?

समितीत कोण आहे तेही बघून ठेवा. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक हव्यात, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना सदस्य होता येत नाही. तसं कुणी बसलेलं दिसलं तर लेखी हरकत घ्या. ‘समजुतीने मिटवून टाका’ असं कुणीही म्हणालं तरी समेट फक्त तुमच्या मागणीवरून होतो, आणि तोही पैसे घेऊन नाही. आरोप सिद्ध झाला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

समितीने विभागप्रमुखांना अर्जाची प्रत दिली, उत्तराला दहा दिवस दिले, तर समिती त्यांना सामील आहे असं समजू नका. गोवा विद्यापीठातून गेलेल्या एका प्रकरणात 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीपर्यंत पोचलेली कारवाई रद्द केली, कारण चौकशी घाईत उरकली होती आणि प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा वेळ मिळाला नव्हता. घाईने केलेली चौकशी शेवटी तक्रारदारालाच महागात पडते.

पोलिसांकडे जायचा मार्ग वेगळा आणि खुला आहे. विद्यापीठाने त्यात मदत करायची असते.

असं होऊच नये म्हणून काय करावं, हेही तुम्ही विचारलंत. वर्षातून एक व्याख्यान ठेवून काही बदलत नाही. समितीची नावं आणि फोन प्रत्येक विभागाच्या फलकावर हवेत, आणि कंत्राटी माणसाचं पुढचं वर्ष कधीही एकाच सहीवर ठरू नये. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे.

अर्ज लिहिणं जड जात असेल तर समितीच्या अध्यक्षांना सांगा. लिहायला मदत करणं हे त्यांचं कामच आहे. मलाही विचारा. फक्त तुमचं, त्यांचं किंवा विद्यापीठाचं नाव कुठेही उघड लिहू नका.