‘एंडियन’मधला ‘एंड’ कुठला?

प्रश्न: नेटवर्क कार्डाच्या एका लिनक्स ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘राइटएल(सीपीयू_टू_एलई३२(किंमत), पत्ता)’ अशी ओळ आहे. आमचे वरिष्ठ सांगतात, लिटल-एंडियन म्हणजे लहान बाइट एंडला, म्हणून ‘सीपीयू_टू_एलई३२’ (एलई म्हणजे लिटल-एंडियन) हे फंक्शन बाइट उलटे करून देतं. हे बरोबर आहे का? मराठी टिपणात ‘लघु-अंत्य’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर: बरोबर नाही आणि चालणारही नाही.

‘लहान बाइट एंडला’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. वर्गात हेच शिकवतात, मुलाखतीत हेच विचारतात आणि चुकीच्या उत्तराला मान डोलावतात. मोठी संख्या मेमरीत ठेवताना तिचे बाइट कुठल्या क्रमाने ठेवायचे, एवढाच हा प्रश्न आहे; लहान बाइट म्हणजे एकंच्या बाजूचा, कमी वजनाचा. षोडशमानातली १२३४५६७८ ही संख्या घ्या, दोन-दोन आकड्यांचा एक बाइट. लिटल-एंडियन यंत्रात सगळ्यात खालच्या पत्त्यावर ७८ बसतो, मग ५६, ३४, १२. म्हणजे लहान बाइट सुरुवातीला. बिग-एंडियनमध्ये १२ पहिला. तुमच्या वरिष्ठांनी नेमकं उलटं सांगितलं, आणि याला कारण ‘एंड’ म्हणजे ‘शेवट’ हे शाळेतलं समीकरण. इथे एंड म्हणजे टोक.

हे टोक अंड्याचं आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये लिलिपुटच्या राजपुत्राचं बोट अंडं फोडताना कापतं, म्हणून बादशहा फर्मान काढतो की यापुढे सर्वांनी लहान टोकाकडूनच अंडं फोडावं. त्यावरून सहा बंडं होतात, अकरा हजार माणसं मरण पत्करतात पण टोक बदलत नाहीत. मोठ्या टोकाचे हे हट्टी लोक म्हणजे बिग-एंडियन. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या टिपणात (इंटरनेट एक्सपेरिमेंट नोट १३७) हे शब्द उचलले आणि बाइटांच्या क्रमावरून भांडणाऱ्यांना चिकटवले. तारीख बघून या टिपणाला नुसती थट्टा समजणारे विद्वान भेटतात. त्यांनी ते उघडलेलं नसतं. आत बिट, बाइट आणि शब्द (यंत्र एका वेळी हाताळतं तो बिटांचा गठ्ठा) तारेवरून कुठल्या क्रमाने जावेत याची काटेकोर चर्चा आहे. आणि मुद्दा बघा: अंडं ज्या टोकाकडून फोडायचं, तिथूनच खायला सुरुवात होते. स्विफ्टचा ‘एंड’ हा आरंभ आहे!

आता माझ्या आवडीचं. इंग्रजी ‘एंड’ आणि आपला ‘अंत’ हे सख्खे नातलग. दोघांचं मूळ ज्या प्राचीन भारोपीय धातूत आहे त्याचा अर्थ कपाळ, समोरची बाजू. लॅटिनमधला ‘आंते’ (आधी, पुढे) त्याच घरातला. वेदातला ‘अन्ति’ म्हणजे समोर, जवळ, त्यातूनच ‘अंतिक’. ‘शेवट’ हा अर्थ नंतर आला: समोरची बाजू, मग कड, मग जिथे वस्तू संपते ती कड. संस्कृतात ‘कड’ हा टप्पा अजून जिवंत आहे. वनान्त म्हणजे रानाची कड, सीमान्त, दिगंत, यात कुणी मेलेलं नाही. तेव्हा ‘लघु-अंत्य’ व्युत्पत्तीने खरं तर निर्दोष आहे. पण मराठी कानाला अंत्य म्हटलं की अंत्ययात्राच दिसते, आणि वाचणारा पुन्हा लहान बाइट शेवटी नेऊन ठेवणार. मूळ अर्थ कपाळाचा, तर तोंडच का वापरू नये? लघुमुखी. त्याच्या जोडीला गुरुमुखी म्हणावं तर पंजाबी लिपी आडवी येते, म्हणून थोरमुखी. पाचमुखी रुद्राक्ष चालतो, तर लघुमुखी यंत्र का नको?

इथे कुणीतरी ‘अङ्कानां वामतो गतिः’ (अंक डावीकडे सरकतात) फेकतोच, आणि लिटल-एंडियन आपल्याच पूर्वजांनी शोधल्याचं जाहीर करतो. कृपा करा. तो नियम भूतसंख्यांचा, म्हणजे शब्दांत गुंफलेल्या अंकांचा. वेद-नेत्र-चंद्र म्हटलं की ४, २, १ आणि संख्या १२४. एकं आधी, हे खरं. पण अंकांत लिहिताना त्याच ज्योतिष्यांनी थोरला अंक डावीकडेच ठेवला. शिवाय ती संख्या सांगण्याची रीत, यंत्रातल्या पत्त्यांची नव्हे.

त्यापेक्षा मराठी बोलण्याकडे बघा. ‘बाराशे चौतीस’ तोडा. बारा हा द्वादश, म्हणजे आधी दोन, मग दहा. चौतीस म्हणजे आधी चार, मग तीस. एकंला १, दहंला २, शतंला ३, सहस्रंला ४ असे क्रमांक दिले तर आपण उच्चारतो ३-४-१-२. जीएनयूच्या सी लायब्ररीत (सी भाषेतल्या तयार फंक्शनांच्या संचात) लिटल-एंडियनची खूण १२३४ आहे, बिग-एंडियनची ४३२१, आणि तिसरी एक आहे, ३४१२. ती पीडीपी-११ या १९७० सालच्या यंत्राची. त्यावर सोळा बिटांच्या शब्दात लहान बाइट आधी, पण बत्तीस बिटांची संख्या ठेवताना थोरला शब्द आधी. वरची १२३४५६७८ तिथे ३४ १२ ७८ ५६ अशी बसते. मराठी माणूस पीडीपी-एंडियन आहे! (एकोणतीस मी मुद्दाम सोडलं. पुढच्या संख्येतून एक वजा करून बाइट साठवण्याचं धाडस कुठल्याही यंत्राने केलेलं नाही.)

म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ आलं तेव्हा झालेला गदारोळ मला लिलिपुटचाच वाटला. जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना अडतो, हे गणितज्ञ मंगला नारळीकर यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ‘पंचवीस’ गेलं की मराठी बुडाली म्हणणाऱ्यांनी आणि ‘वीस पाच’ हेच तर्कशुद्ध म्हणणाऱ्यांनीही एवढं बघावं की दोन्हींत संख्या तीच, बदलतो फक्त तोंडातून बाहेर पडण्याचा क्रम.

प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये (त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यात) बसलेल्या संख्येलाही पुढचंमागचं टोक नसतं. ती मेमरीत, डिस्कवर किंवा तारेवर उतरते तेव्हाच क्रम येतो. त्यामुळे ‘सीपीयू_टू_एलई३२ उलटं करतं’ हे चूक. इंटेलच्या यंत्रावर ते काहीच करत नाही. आयबीएमच्या एस३९० मेनफ्रेमवर बाइटांची अदलाबदल करतं. कर्नलवाल्यांनी (लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांनी) नाव क्रियेवरून ठेवलं नाही, मालाच्या क्रमावरून ठेवलं, आणि ते शहाणपणाचं आहे. एक्सटी४ ही फाइल-व्यवस्था डिस्कवर लघुमुखी. एक्सएफएस ही दुसरी थोरमुखी, कारण ती सिलिकॉन ग्राफिक्सच्या थोरमुखी मिप्स यंत्रांसाठी जन्मली, आणि आज इंटेलच्या सर्व्हरवरही तिचे आकडे वाचताना फिरवावे लागतात. इंटरनेटवरच्या आयपी पाकिटाचं शीर्षक थोरमुखी, कार्डं जोडायची पीसीआय वाहिनी लघुमुखी. हे सगळं एकाच खोक्यात नांदतं, म्हणून कर्नलमध्ये ‘__एलई३२’ आणि ‘__बीई३२’ असे वेगळे प्रकार आहेत. कंपायलरला दोन्ही सारखेच दिसतात, पण स्पार्स हे तपासणीचं साधन त्यांची सरमिसळ झाली की ओरडतं. ‘मेक सी=१’ एकदा चालवून बघा.

तुमच्या ओळीवरही ते ओरडेल. ‘राइटएल’ स्वतःच किंमत लघुमुखी करून कार्डाच्या रजिस्टरात लिहितं. तिला आधी ‘सीपीयू_टू_एलई३२’मधून काढलं तर थोरमुखी यंत्रावर फिरवाफिरव दोनदा होते आणि कार्डाला भलतंच मिळतं. इंटेलवर दोन्ही वेळा काहीच घडत नाही, म्हणून तुमच्याकडे ते आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नसणार. आतलं फंक्शन काढून टाका. जे डिस्क्रिप्टर (कार्डासाठीच्या कामाच्या चिठ्ठ्या) तुम्ही मेमरीत मांडता आणि कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, स्वतः उचलतं, त्यांच्या लघुमुखी रकान्यांत मात्र ते हवंच.