सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा साधा परवाना मिळतो का?

तुमचा प्रश्न असा: सेमी-ऑटोमॅटिक रायफलमधून एका वेळी एकच गोळी सुटते, मग भारतात ती साध्या परवान्यावर का मिळू नये? नाही मिळत. मी मुंबईच्या सेशन्स कोर्टात वकिली करतो. चांगल्या शिकल्यासवरल्या अशिलांचाही इथे घोळ होतो.

सेमी-ऑटोमॅटिक असो वा ऑटोमॅटिक, अशा बहुतेक रायफलींत गोळी सुटली की वायूच्या दाबाने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी तुकडा, मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि परतताना नवं आत ढकलतो. इथपर्यंत दोन्ही सारख्याच. सेमीत मग हॅमर, म्हणजे आपटून गोळी उडवणारा घोडा, आतल्या खटक्याला अडकून राहतो; चाप सोडून पुन्हा ओढेपर्यंत काही होत नाही. ऑटोमॅटिकमध्ये चाप दाबलेला असेल तर बोल्ट बंद होताच हॅमर पुन्हा पडतो. एके-४७ दोन्ही करते. उजवीकडची पट्टी वर असली की बंद, मधे ऑटोमॅटिक, तळाला एकेक गोळी. घाबरलेल्या माणसाने झटक्यात खाली ओढली तर ती तळालाच जाते.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम २ मध्ये, चाप दाबून धरल्यावर तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात ते प्रतिबंधित शस्त्र. लोक एवढंच वाचतात आणि सेमी सुटली असं समजतात. पण २०१६ च्या शस्त्र नियमांची पहिली अनुसूची कोण उघडणार? तिथे सेमी-ऑटोमॅटिक बंदुका प्रतिबंधित वर्गातच आहेत, आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात.

गंमत म्हणजे .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिकच असतं, तरी त्याचा परवाना मुंबईत पोलीस आयुक्त देऊ शकतात. ९ मिमीचा नाही, कारण ती फौजेची आणि पोलिसांची गोळी. त्याच कारणाने .३०३ रायफलही बाद, मग प्रत्येक गोळीला बोल्ट हाताने का ओढावा लागेना. .३१५ ची स्पोर्टिंग रायफल मात्र चालते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगलं तर किमान ७ वर्षं, कमाल १४.

घरात आजोबांची रायफल निघाली म्हणून विचारत असाल तर नळीवर कोरलेला बोअर परवान्याशी ताडून बघा आणि लगेच वकिलाकडे जा. जाताना कागद न्या, रायफल नको.