पहिल्या शिबिराआधी

बंदिस्त कुक्कुटपालनाविरुद्धच्या प्रचारासाठी तालुक्यातील मुलांना तयार करण्याचे काम तुम्ही अंगावर घेतले आहे, म्हणून अनुभवातून लिहितो. भाषणाने सुरुवात करू नका. प्रत्येकाच्या हाती ए-४ आकाराचा कोरा कागद द्या आणि सांगा की, पिंजऱ्यातील अंडी देणाऱ्या कोंबडीच्या वाट्याला बहुधा याहूनही कमी जागा येते. मग घरामागच्या उकिरड्यावर माती उकरणारी गावरान कोंबडी त्यांना आपोआप आठवते. हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, तेही वाचून दाखवा. माझी चूक वेगळीच होती: मी मुलांना थेट एका शेडच्या दारात घोषणा द्यायला नेले, आणि तो शेतकरी निघाला आमच्यातल्याच एकाचा मामा. कापसाने दगा दिल्यावर त्याने कर्ज काढून शेड बांधले होते. करार असा: पिल्ले व खाद्य कंपनीचे, कोंबड्या वाढवण्याचा मोबदला त्यांच्या वजनाच्या किलोमागे, आणि मे महिन्याच्या उन्हात वीज गेल्यावर मेलेल्या कोंबड्यांचा तोटा मात्र त्याच्या माथी. अशा माणसाचे आधी ऐकून घेण्याचा सराव मुलांकडून करून घ्या, आणि परवानगीवाचून कोणाच्याही शेडमध्ये त्यांना शिरू देऊ नका.