किती चुकले तरी चालतील?

सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या शिक्षकांची काळजी एकच आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असेल तर जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची आहे. "या वयात नापास झालो तर वर्गात कुठल्या तोंडानं उभं राहायचं?"

चौथीला शिकवणाऱ्या एका बाईंचं उदाहरण देते (ओळखीचे तपशील बदलले आहेत). झोप उडालेली, हातात सराव पेपर. "मॅडम, सहासष्ट चुकले!"

"चालतील किती?"

त्या गप्प. मग म्हणाल्या, "एकही चुकायला नको ना."

भीती नेमकी इथे असते. मनानं ठरवलेली पास व्हायची रेषा वेगळी आणि परीक्षेची वेगळी. अशा वेळी मी धीर देत बसत नाही, पेन हातात देते. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के. म्हणजे नव्वद हवेत, साठ गेले तरी चालतील. बाईंना मिळाले होते चौऱ्याऐंशी. कमी पडत होते फक्त सहा.

विषयवार पाहिलं. गणित २४, मराठी २३, परिसर अभ्यास २२. इंग्रजी ७ आणि बालमानसशास्त्र ८. प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागत नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. शिवाय या दोन विषयांत मिळून वीस प्रश्न कोरे!

"येत नाही ते कसं लिहायचं? खोटेपणा वाटतो."

टीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तरी विसात सरासरी पाच बरोबर येतात, पण ते नशिबावर. म्हणून मी बालमानसशास्त्राच्या विषयाकडे वळले. कागदावर लिहिलं, ५२ – ३७ = २५. "या मुलाचं काय चुकलं?"

क्षणाचाही विलंब नाही. "दोनातून सात जात नाहीत म्हणून त्यानं सातातून दोन काढले. हातचा समजलेला नाही. काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायचा."

"बाई, हाच तो विषय, ज्यात तुम्हाला आठ पडले."

त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग हसल्या, डोळे भरलेले होते. गाइडमधल्या व्याख्यांनी त्यांचं इतक्या वर्षांचं ज्ञान झाकून टाकलं होतं. मी सल्ल्याआधी आकडेमोड करून घेते ती यासाठीच. भीती कागदावर उतरली की तिचं माप कळतं आणि माणसाला आपल्याजवळचं दिसू लागतं.

तुम्हीही हे गणित घरीच करा, परीक्षेच्या हॉलमध्ये मुळीच नको. तिथे "किती चुकले" मोजायला लागलात की पुढचा प्रश्न हातचा जातो. तयारी मात्र काठावरची नको. नव्वद हवे असतील तर सरावात शंभर धरा, म्हणजे पन्नासच चुकवायची मुभा. बालमानसशास्त्राचा प्रश्न वाचताना व्याख्या आठवण्याआधी आपल्या वर्गातलं एखादं मूल डोळ्यांसमोर आणा. शेवटची दहा मिनिटं कोऱ्या प्रश्नांसाठी राखून ठेवा, नक्की चूक वाटणारे पर्याय खोडा आणि उरलेल्यातला एक निवडा. घरात कुणी यूपीएससीची पूर्वपरीक्षा देत असेल तर त्याला हा शेवटचा सल्ला देऊ नका. तिथे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात.