केअर होममध्ये मला ‘इन्फेक्शन कंट्रोल लीड’ केलंय. सुरुवात कुठून करू आणि मदत कोणाकडे मागू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकच्या, जीएनएम झालेल्या, इंग्लंडमधल्या ३८ खोल्यांच्या केअर होममध्ये सिनिअर केअरर आहात. आधीची लीड (होममध्ये संसर्ग रोखण्याची जबाबदारी असलेली) नोकरी सोडून गेली आणि मॅनेजरने ती फाईल तुमच्या हातात दिली. सरकारी सूचना वाचायला बसलात तर अंत लागत नाही, आणि सीक्यूसीचे (केअर होम तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे) इन्स्पेक्टर कधीही येतील याची धास्ती आहे.

मी उत्तर इंग्लंडमध्ये २०१८पासून याच कामात आहे. नवऱ्याच्या नोकरीमागून आले, केअरर म्हणून लागले आणि २०२१मध्ये तुमच्यासारखीच एक फाईल माझ्याही गळ्यात पडली. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि खाल्लेल्या ठेचांचं जास्त सांगते.

आधी त्या उघड्या टॅब बंद करा. तुम्हाला कागद तीनच लागतात. एक, २००८च्या हेल्थ अँड सोशल केअर अॅक्टखालचा ‘कोड ऑफ प्रॅक्टिस’. त्यात दहा निकष आहेत, डिसेंबर २०२२मध्ये तो सुधारलाय आणि सीक्यूसी तुम्हाला मोजते ती त्याच पट्टीने. दुसरा, आरोग्य खात्याने खास अॅडल्ट सोशल केअरसाठी काढलेला आयपीसी (म्हणजे इन्फेक्शन प्रिव्हेन्शन अँड कंट्रोल, संसर्ग रोखणं) ‘रिसोर्स’. हात, ग्लोव्ह्ज, कपडे, कचरा, सांडलेलं रक्त असं रोजचं सगळं त्यात सोप्या भाषेत आहे. तिसरा, तुमच्या होमची स्वतःची पॉलिसी. ही मात्र नीट वाचा, कारण बहुतेक ठिकाणी ती विकत घेतलेली असते. आमच्या पॉलिसीत दोन ठिकाणी भलत्याच होमचं नाव तसंच राहिलं होतं आणि तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं!

आता मदत. तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: यूकेएचएसएची (साथी बघणाऱ्या सरकारी संस्थेची) तुमच्या भागातली हेल्थ प्रोटेक्शन टीम (रात्री आणि शनिवार-रविवारचा नंबर वेगळा असतो, तोसुद्धा), काउन्सिल किंवा आयसीबीची (भागातल्या एनएचएस सेवा बघणाऱ्या मंडळाची) कम्युनिटी इन्फेक्शन कंट्रोल नर्स, आणि जीपीची सर्जरी (म्हणजे फॅमिली डॉक्टरचा दवाखाना). नर्सची सोय भागागणिक कमी-जास्त असते. कुठे ती वर्षातून एकदा येऊन ऑडिट करून देते, कुठे फक्त फोनवर भेटते. तुमच्याकडे असेल तर तिला पहिल्याच महिन्यात बोलवा. आजार नसताना घेतलेली ओळख आजार असताना उपयोगी पडते. हॅरोगेटच्या एनएचएस ट्रस्टच्या कम्युनिटी टीमने केअर होमसाठी तयार केलेल्या पॉलिसी आणि वर्कबुक इतर भागांतली होमंही वापरतात, त्यांवर नजर टाका.

हेल्थ प्रोटेक्शन टीमला फोन केला की आपलं नाव काळ्या यादीत जातं असा समज आमच्याकडेही होता. तसं काही नाही. पलीकडचा माणूस विचारतो: रेसिडेंट किती, आजारी किती, पहिला कधी, लक्षणं काय, कोणत्या मजल्यावर, स्टाफ किती आजारी. उत्तरं तयार असली तर पंधरा मिनिटांत काम होतं. ठरावीक दिवसांत एकमेकांशी संबंध लागेल असे दोन जण आजारी पडले की आउटब्रेकचा (साथीचा) संशय धरायचा आणि फोन उचलायचा, लॅबच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. फ्लूमध्ये तर ही घाई फारच महत्त्वाची. ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून किंवा संपर्क आल्यापासून ४८ तासांत सुरू व्हावं लागतं, आणि आउटब्रेक असेल तर लस घेतलेल्या रेसिडेंटचाही त्यासाठी विचार होतो. शुक्रवारी दुपारी तीनला ‘सोमवारी बघू’ म्हटलंत तर ते ४८ तास गेलेच.

हे मी शिकले ते नोरोव्हायरसच्या (उलट्या-जुलाबांच्या विषाणूच्या) वेळी. रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या एका आजींना उलटी झाली. सगळ्यांनी आदल्या रात्रीच्या माशावर खापर फोडलं. दुपारी खालच्या मजल्यावर एका आजोबांना जुलाब. वरची नोंद वरच्या वहीत, खालची खालच्या वहीत. रात्रीच्या सिनिअरने दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचण्याचं कारणच नव्हतं. मंगळवारी सकाळी अकरा रेसिडेंट आणि स्टाफमधले चौघे आडवे! नर्सने फोनवर पहिला प्रश्न विचारला, ‘सुरुवात कोणापासून झाली?’ आणि मी गप्प. त्या दिवसापासून ऑफिसच्या दाराआड एकच ए-फोर कागद असतो, दोन्ही मजल्यांचा मिळून: खोली नंबर, वेळ, उलटी की जुलाब की ताप, ब्रिस्टल चार्टवरचा (शौच घट्ट की पातळ ते सांगणारा) आकडा, लिहिणाऱ्याची सही. लॅपटॉपवरही आमची सिस्टीम आहे, पण येता-जाता डोळ्यांना दिसतो तो कागदच.

त्याच आठवड्यात आणखी एक फजिती लक्षात आली. आम्ही सगळ्या कमरेला जेलची बाटली लटकवून फिरत होतो आणि दर दोन मिनिटांनी हात चोळत होतो. नोरोव्हायरसवर अल्कोहोल जेलचा भरवसा नाही, सी. डिफच्या (अँटिबायोटिकनंतर जोर धरणाऱ्या जुलाबाच्या जंतूच्या) बीजाणूंवर तर नाहीच. तिथे साबण आणि वाहतं पाणीच पाहिजे. लादी, कमोड, दारांच्या मुठी आधी डिटर्जंटने पुसायच्या आणि मग १००० पीपीएम क्लोरीन, कारण घाणीवर क्लोरीन ओतून काही होत नाही. द्रावण रोज ताजं करायचं. आणि लघवीवर थेट क्लोरीन कधीही ओतू देऊ नका, विषारी वायू निघतो. नव्या डोमेस्टिकला (सफाईवालीला) हे पहिल्याच दिवशी सांगा. विरघळणाऱ्या लाल पिशवीतले कपडे पिशवीसकटच मशिनमध्ये जातात, ६५ अंशांना १० मिनिटं किंवा ७१ला ३. पिशवी उघडून ‘बघते जरा काय आहे’ म्हणणारी लाँड्रीवाली आमच्याकडे होती. पाचवी आजारी तीच.

आता खरं दुखणं. उलटी-जुलाब झालेल्या स्टाफने शेवटच्या त्रासानंतर ४८ तास कामावर यायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तरी मुली येतात. आमच्याकडची एक मराठवाड्यातली मुलगी, व्हिसा होमच्या स्पॉन्सरशिपवर, घरी कर्ज. पहाटे तिला जुलाब झाले आणि सात वाजता ती एप्रन बांधून उभी. मी विचारलं तर म्हणाली, ‘ताई, आजारी म्हटलं तर तीन दिवस काहीच मिळत नाही, आणि रोटा कापला तर?’ (रोटा म्हणजे ड्युटीचा तक्ता.) खोटं नव्हतं. तेव्हा आजारपणाचा सरकारी किमान भत्ता पहिले तीन दिवस मिळतच नव्हता, आणि २०२५-२६मध्येसुद्धा तो आठवड्याला ११८.७५ पौंड होता. या पैशात इथे भाडं निघत नाही. कोव्हिडमध्ये, मे २०२०ला, सरकारने साठ कोटी पौंडांचा इन्फेक्शन कंट्रोल फंड काढला होता तो याचसाठी: घरी बसलेल्या केअररला पूर्ण पगार मिळावा आणि एकाच माणसाने तीन होममध्ये फिरू नये. मार्च २०२२मध्ये ते पैसे थांबले. जंतू थांबले नाहीत.

मी मॅनेजरपुढे हिशेब ठेवला. मागच्या आउटब्रेकमध्ये एजन्सीच्या शिफ्ट किती लागल्या, नवे रेसिडेंट घेणं किती दिवस बंद राहिलं, जादा एप्रन आणि क्लोरीनचं बिल किती झालं. शेजारी लिहिलं: दोन दिवसांचा पगार. मालकांनी पूर्ण नाही, पण उलटी-जुलाबाचे ते दोन दिवस भरून द्यायचं कबूल केलं. त्यानंतर फोन सकाळी सहालाच यायला लागले, ‘ताई, मी येत नाही.’ लीड म्हणून मी केलेलं सर्वांत उपयोगी काम मला हेच वाटतं, आणि ते कोणत्याही ऑडिटच्या चौकटीत दिसत नाही.

खरजेचंही तसंच. ‘स्केबीज’ म्हटलं की इथल्या मुली खांदे उडवतात, पण आपल्या मुलींच्या कानात ‘खरूज’ हा शब्द गावातल्या शाळेतल्या चिडवण्यासकट पडतो, त्यामुळे त्या लपवतात. पहिल्यांदा लागण झाली की चार ते सहा आठवडे खाजही सुटत नाही, म्हणजे निदान होईस्तोवर मजला भरलेला असतो. डिमेन्शिया असलेली माणसं खाज सुटते म्हणून सांगत नाहीत, नुसती अस्वस्थ होतात, आणि रात्रीच्या नोंदीत ‘अॅजिटेटेड’ एवढंच लिहिलं जातं. उपचार करायचे तर रेसिडेंट, स्टाफ आणि जवळून संपर्क आलेले या सगळ्यांना एकाच वेळी, आणि सात दिवसांनी पुन्हा. क्रीम लावल्यावर हात धुतले तर हातांना परत लावायचं. हे विसरतातच. तारीख ठरवताना हेल्थ प्रोटेक्शन टीम आणि जीपी दोघांना धरा, सुट्टीवरची माणसं मोजा. आमचा एक नाइट केअरर सुट्टीत होता, त्याला वगळलं, आणि महिन्याभराने पुन्हा श्रीगणेशा.

ग्लोव्ह्जबद्दल. लोकांना वाटतं जितके जास्त तितकं चांगलं. चहा पाजताना, केस विंचरताना, व्हीलचेअर ढकलताना ग्लोव्ह्ज लागत नाहीत. रक्त, मल-मूत्र, जखम, रसायनं, तिथे लागतात आणि एका माणसाच्या एका कामानंतर ते काढून हात धुवायचे असतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलने २०१८मध्ये अनावश्यक ग्लोव्ह्ज कमी करण्याची मोहीमच काढली होती. कोपराखाली काही नको, एक साधी अंगठी चालते. नवं लग्न होऊन आलेल्या मुलीच्या हातातला हिरवा चुडा उतरवायला सांगणं हे मला कोणत्याही ऑडिटपेक्षा जड गेलं. सांगितलं, बाजूला नेऊन, मराठीत.

भेटीला येणाऱ्यांवर सरसकट बंदी घालू नका. एप्रिल २०२४पासून रेग्युलेशन ९ए आहे, अपवादात्मक कारण असल्याशिवाय रेसिडेंटला भेटीपासून तोडता येत नाही. आउटब्रेकमध्येही मास्क, एप्रन, हात धुणं, वेळ ठरवणं असा मार्ग काढायचा. २०२०मध्ये, कोव्हिडच्या बंदीत, खिडकीच्या काचेला हात लावून उभ्या राहिलेल्या रेसिडेंटच्या लेकी मी पाहिल्यात, मला हा नियम कोणी समजावून द्यायला लागला नाही. त्याच वसंतात हॉस्पिटलमधून रेसिडेंट कोव्हिडच्या टेस्टशिवाय परत येत होते. सगळ्यांची टेस्ट करूनच पाठवायचं धोरण १५ एप्रिलला जाहीर झालं. लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही लागण होऊ शकते हा धोका त्या डिस्चार्जच्या धोरणाने विचारात घेतला नाही म्हणून ते बेकायदा, असं हायकोर्टाने २७ एप्रिल २०२२ला म्हटलं. तेव्हापासून डिस्चार्जचा फोन आला की माझा प्रश्न ठरलेला असतो: वॉर्डात सध्या काय चालू आहे?

सीक्यूसीबद्दल एवढंच, की ते तुमची फाईल बघतील पण विश्वास ठेवतील डोळ्यांवर. कमोडची सीट उलटी करून बघा. गादीच्या कव्हरची चेन उघडा, आत डाग आहे का. बाथ हॉइस्टच्या (आंघोळीसाठी माणूस उचलायच्या यंत्राच्या) खुर्चीचा खालचा भाग बघा. एकच स्लिंग (उचलायची झोळी) तिघांना वापरली जातेय का, ते विचारा. रिकाम्या खोल्यांचे नळ आठवड्याला सोडले जातात का आणि त्याची सही कुठे आहे, कारण लिजिओनेला हा जंतू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो. आणि इन्स्पेक्टर प्रश्न तुम्हाला नाही, पोछा मारणाऱ्या मुलीला विचारतो: लाल कापड कुठलं, निळं कुठलं? (लाल टॉयलेट-बाथरूम, निळं इतर खोल्या, हिरवं किचन, पिवळं आयसोलेशन.) वर्षाअखेरीचं लीडचं निवेदन पानभर पुरतं: आउटब्रेक किती झाले, ऑडिट काय निघालं, ट्रेनिंग कोणाचं झालं, काय बदललं. झालेला आउटब्रेक लपवू नका, त्यातून काय बदललं ते दाखवा.

एक जाता जाता: पासष्टीपुढच्या माणसाची लघवी डिपस्टिकने (रंग बदलणाऱ्या पट्टीने) तपासून ‘यूटीआय (मूत्रमार्गाचा संसर्ग) आहे’ म्हणू नका. वयोवृद्धांच्या लघवीत जंतू आजाराशिवायही सापडतात, उगाच अँटिबायोटिक जातं आणि मग सी. डिफ तुमच्याच दारात येतो. लक्षणं लिहा, पाणी किती पोटात गेलं ते लिहा, जीपीला तेच सांगा.

लीडचे जादा पैसे मला मिळत नाहीत, तुम्हालाही बहुधा मिळणार नाहीत. पण आठवड्याचे चार तास रोटावर ‘आयपीसी’ असं लिहून घ्या, मजल्यावरच्या आकड्यात न धरलेले. मी ते पहिल्या वर्षी मागितले नाहीत आणि सगळी ऑडिट रात्री घरी, जेवणाच्या टेबलावर केली. तुम्ही या आठवड्यातच मागा. ऑक्टोबर उजाडला की फ्लूची लस आणि खोकला एकदम सुरू होतो, मग मॅनेजरलाही ऐकायला वेळ नसतो.