एक्स-रे काढला, पण सोनोग्राफी केली

सिडकोतल्या एका ताईंनी विचारलंय: सासूबाईंना तपासणीला नेलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘आधी एक्स-रे काढून या, मग सोनोग्राफी करू.’ एक काढायचा नि दुसरी करायची, असं का? आणि शाळेत शिकलेला ‘क्ष-किरण’ काढला, असं कुणीच का म्हणत नाही?

ताई, त्या मुलीचं मराठी पक्कं आहे.

‘काढणे’चे दोन मोठे संसार. एकात आतलं बाहेर येतं: विहिरीतून पाणी, दंडातून रक्त. दुसऱ्यात काहीतरी उमटतं: रेघ, रांगोळी, चित्र. फोटो आला तो चित्राचं बोट धरून, आणि एक्स-रे फोटोचं. सिव्हिलच्या बाकड्यावर मोठं खाकी पाकीट मांडीवर घेऊन बसलेले निफाडकडचे एखादे बाबा आजही ‘गुडघ्याचा फोटो काढलाय’ म्हणतात आणि न विचारता फिल्म ओढून ट्यूबलाइटसमोर धरतात. आपल्याला काही कळत नाही, त्यांनाही नाही, तरी दोघं मान हलवतो.

आता गंमत बघा. फोटो आपण काढतो, पण फोटोग्राफी करतो. शेवटी ‘ग्राफी’ असलं की ते कामाचं नाव. म्हणून सोनोग्राफी, अँजिओग्राफी, मॅमोग्राफी, सगळ्या ‘करतात’. शेवटी ‘ग्राम’ असलं की ती उमटलेली वस्तू. ईसीजीतला शेवटचा ‘जी’ म्हणजे हाच ग्राम, नि कागदी पट्टीवरची ती नागमोडी रेघ आपण ‘काढतो’. ‘ग्राफी’-‘ग्राम’च्या मूळ ग्रीकचा गंध नसलेली माणसं ही वाटणी बिनचूक करतात, कारण डोळ्यांसमोर काय घडतं ते त्यांना दिसतं. सोनोग्राफीत डॉक्टर पोटावर गार जेल लावून प्रोब फिरवतात, ‘श्वास धरा, कुशीवर वळा’ म्हणतात, आणि पडद्यावरचं हलतं चित्र बघता बघता तिथल्या तिथे मोजमापं घेतात. प्रिंट मागाहून निघते. तिथल्या सक्तीच्या पाटीवरही ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असंच असतं. ‘सोनोग्राफी काढली’ही कानावर येतं, मी त्याला चूक म्हणणार नाही, पण मला खटकतं. सीटी स्कॅन आणि एमआरआय मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवून आहेत, कुणी काढतं, कुणी करतं.

राहिला ‘क्ष’. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गमध्ये शास्त्रज्ञ राँटगेनना हे किरण सापडले. ते नेमके कसले हे उमगेना, म्हणून बीजगणितातल्या अज्ञाताचं एक्स हे नाव दिलं. मराठी बीजगणितात अज्ञात म्हणजे ‘क्ष’, त्यामुळे क्ष-किरण हा सरळ हिशोब झाला. शिवाय एक्सच्या ‘क्स’ला आपल्याकडे सर्वांत जवळचं जोडाक्षर तेच, आपल्या द्राक्षातलं. इंग्रजीत किरण आणि त्याने मिळालेलं चित्र दोघांनाही एकच शब्द. मराठीने वाटणी केली: किरणाला क्ष-किरण, चित्राला एक्स-रे. किरण पडतो, सोडतात, काढत नाहीत. म्हणून लिहिताना ‘क्ष-किरण तपासणी केली’ किंवा ‘एक्स-रे काढला’ लिहा, ‘क्ष-किरण काढला’ नको.

जाता जाता, न विचारलेलं एक. ‘छायाचित्र’ हा शब्द आपण फोटोला देऊन बसलो, पण खरा शोभतो तो एक्स-रेला. कारण ती सावलीच असते. हाडांतलं कॅल्शियम किरण अडवतं, पाठीमागच्या फिल्मवर तेवढा भाग कोरा राहतो. फुप्फुसातल्या हवेतून ते आरपार जातात, तिथे फिल्म काळी पडते. फक्त ही सावली पांढरी.