तिला काय शिकायचंय, ते पत्रात एका ओळीत आटोपलंत

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, राज्य पातळीवर पोहते. दहावीला ९१ टक्के. तिला अमेरिकेत स्पोर्ट्स स्कॉलरशिपवर पाठवायचं आहे. सायकॉलॉजी करायची म्हणते, पण ट्रेनिंगला अडचण नको म्हणून सोपा विषय कोणता घ्यावा? तिकडे खेळाडूंचा अभ्यास कॉलेजच सांभाळून घेतं, असं ऐकलंय. (पत्र संक्षिप्त)

उत्तर : मूळ पत्रात तुम्ही तिच्या प्रत्येक शर्यतीची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत दिली आहे. सायकॉलॉजीला मात्र एक वाक्य, आणि त्याच्यापुढे लगेच ‘पण’. पहाटे स्टॉपवॉच घेऊन काठावर उभं राहता यावं म्हणून तुम्ही बढती नाकारलीत, हेही वाचलं. हे तिलाही माहीत असणार. मग उद्या तिला पोहणं थोडं कमी करावंसं वाटलं, तर ते ती कोणत्या तोंडाने सांगेल? तिला तसं वाटतंय, असं माझं म्हणणं नाही. सांगायची सोय घरात आहे का, ते तुम्हीच बघा.

आता ‘सांभाळून घेतात’ याबद्दल. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ या काळात असंच सांभाळून घेतलं गेलं. तास नाहीत, प्राध्यापक नाहीत; एक निबंध द्यायचा, विभागाची सेक्रेटरी भरघोस गुण देणार. ३,१०० हून अधिक विद्यार्थी या कोर्सेसमधून गेले, त्यातले जवळपास निम्मे खेळाडू. २०१४ च्या चौकशी अहवालात हे सगळं बाहेर आलं. हे कोर्स सर्वांनाच खुले होते, या कारणाने एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेला २०१७ मध्ये विद्यापीठावर कारवाईही करता आली नाही. खेळाडूंच्या हाती गुण पडले, शिक्षण नाही. सोपा विषय शोधताना तुम्ही नकळत हेच मागताय.

एनसीएएच्या नियमाने हंगामात सराव आठवड्याला २० तास, दिवसाला चार. ऐकायला बरं वाटतं. पण प्रवास त्यात धरत नाहीत आणि स्पर्धेचा अख्खा दिवस तीन तासांचा मानतात. त्यात दुपारची लॅब आणि सराव एकाच वेळी आले की मुलं हळूच विषय बदलतात. म्हणून तिकडच्या प्रशिक्षकाशी बोलाल तेव्हा स्कॉलरशिपच्या रकमेआधी विचारा : तुमच्या टीममध्ये सायकॉलॉजी किंवा लॅबचे विषय घेतलेल्या मुली किती? उत्तर गुळमुळीत आलं तर ते कॉलेज सोडून द्या.

पोहण्यात पूर्ण खर्च भागवणारी स्कॉलरशिप क्वचितच मिळते, बहुधा काही भागच. ती एका वर्षाची की चार, हे लेखी घ्या. एनसीएए कॉलेजांना डिव्हिजन एक, दोन, तीन अशा गटांत वाटते; त्यातल्या डिव्हिजन तीनमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे विद्यापीठांचा गट) खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. एसएटी या प्रवेशपरीक्षेची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली. विद्यापीठाची असू शकते.

माझं मत विचाराल तर क्रम उलटा करा. ज्या कॉलेजात ती पोहली नाही तरी आनंदाने शिकेल, अशांची यादी तिने स्वतः करावी. त्यातल्या कुठे जलतरण संघ आहे, हे तुम्ही नंतर शोधा. सहा महिने काठावर प्रशिक्षकालाच उभं राहू द्या.

आणि हो, डिव्हिजन एक-दोनच्या पात्रतेसाठी ठरावीक विषयांची १६ विषय-वर्षं (एक विषय वर्षभर शिकला की एक) मोजतात, तीही नववीपासून. नववीची गुणपत्रिका घरात कुठे आहे, ते आजच बघून ठेवा.